चांदीच्या दोन तारा आणि एक मल्टिमीटर: विहिरीच्या पाण्यातलं क्लोराइड घरी मोजण्याचा सेन्सर

उन्हाळ्यात खाडीकाठच्या विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागलं की हल्ली आधी टीडीएसचा पेन बाहेर येतो. तो बुडवायचा, ७०० किंवा ९०० असा आकडा वाचायचा आणि मग त्या आकड्यावरून वाद घालायचा. पण तो पेन पाण्यातून वीज किती सहज वाहते एवढंच मोजतो. ही वीज मिठामुळे वाहते, चुन्याच्या क्षारांमुळे की खतातल्या नायट्रेटमुळे, हे त्याला सांगता येत नाही. काळ्या पाषाणातल्या बोअरवेलचं जड पाणी आणि समुद्र शिरलेल्या विहिरीचं पाणी त्याच्या लेखी एकच.

समुद्राची खूण म्हणजे क्लोराइड, मिठातला एक घटक. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे १९,००० मिलिग्रॅम क्लोराइड असतं. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात क्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १,००० पर्यंत सूट आहे. हिशेब केला तर शंभर लिटर गोड्या पाण्यात जेमतेम सव्वा लिटर समुद्र मिसळला की पहिली मर्यादा गाठली. जिभेलाही साधारण त्याच सुमाराला खारटपणा कळू लागतो. म्हणजे चव बदलल्याचं कळेपर्यंत उशीर झालेला असतो. त्याच्या आधीचं, ४० चे ८० आणि ८० चे १५० होतानाचं, मोजता आलं तर काही उपयोग. त्यासाठी खाली दिलेला सेन्सर पुरतो. यात प्रयोगशाळेतून आणावं असं काहीही नाही.

हे चालतं कसं

चांदीच्या तारेवर सिल्व्हर क्लोराइडचा पातळ थर चढवला आणि ती पाण्यात बुडवली की तिचं व्होल्टेज त्या पाण्यातल्या क्लोराइडवर ठरतं. कॅल्शियम, नायट्रेट, बायकार्बोनेट यांच्याशी तिला फारसं देणंघेणं नसतं. एकट्या तारेचं व्होल्टेज मोजता येत नाही म्हणून तशीच दुसरी तार लागते. ती क्लोराइडचं प्रमाण माहीत असलेल्या द्रावणात ठेवायची. दोन्ही द्रावणांत क्लोराइडचा फरक दहापट असेल तर मल्टिमीटरवर २५ अंश तापमानाला सुमारे ५९ मिलिव्होल्ट दिसतात, शंभरपट असेल तर त्याच्या दुप्पट. वॉल्टर नेर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये मांडलेलं समीकरण ते हेच.

पीएच मोजणाऱ्या काचेच्या इलेक्ट्रोडचा अंतर्गत रोध इतका प्रचंड असतो की त्याला खास मीटर लागतो. आपल्या तारांचा रोध काही किलोओहमच्या घरात राहतो, त्यामुळे इलेक्ट्रिकच्या दुकानातला सर्वांत स्वस्त डिजिटल मल्टिमीटरही चालतो. फक्त त्यावर २०० मिलिव्होल्टची रेंज हवी, तिथे ०.१ मिलिव्होल्टपर्यंत वाचता येतं.

काय काय जमवायचं

सोनाराकडून चोख चांदीची अर्धा मिलिमीटर जाडीची तार घ्या. साधारण १२ सेंटिमीटरचे दोन तुकडे हवेत, दोन्ही मिळून अर्धा ग्रॅमच्या आसपास वजन भरतं. सोनाराला स्पष्ट सांगा की दागिन्याची ९२.५ टक्क्यांची चांदी नको. तिच्यात उरलेलं बहुतेक तांबं असतं आणि तेच नंतर आकडे बिघडवतं. दोन्ही तुकडे एकाच तारेचे असावेत.

मेडिकलमधून सलाइनची १०० मिलीची बाटली आणि बिनसुईच्या ५, १० आणि २० मिलीच्या सिरिंज आणा. सलाइन का, तर त्यात ०.९ टक्के मीठ असतं, म्हणजे लिटरला सुमारे ५,४६० मिलिग्रॅम क्लोराइड, आणि ते औषधाच्या काटेकोरपणे तयार केलेलं असतं. घरी वजनकाट्यावर मीठ तोलून एवढं नेमकं द्रावण करणं कठीण आहे. स्वयंपाकघरातला काटा एका ग्रॅमने चुकला की ९ ग्रॅममध्ये ११ टक्क्यांची चूक झाली. बाटली घेताना लेबल वाचा. डेक्स्ट्रोज किंवा रिंगर्स लॅक्टेट नको, नुसतं सोडियम क्लोराइड ०.९ टक्के हवं.

गॅरेजमधून बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणा. किराणा दुकानातून चायना ग्रास. कृषी सेवा केंद्रातून १३:०:४५ हे विद्राव्य खत, म्हणजेच पोटॅशियम नायट्रेट. द्राक्ष किंवा डाळिंबाची बाग असलेल्या ओळखीच्या कोणाकडे उघडं पाकीट असेल तर त्यातलं दोन चमचे पुरे. ते विस्तवापासून लांब ठेवा. शिवाय कपड्यांसाठीचं साधं ब्लीच, बारीक पॉलिश पेपर, एम-सील, काळी चिकटपट्टी आणि दोन क्रोकोडाइल क्लिप.

तारा तयार करणं

तारेचं एक टोक तांब्याच्या वायरीला पिळून किंवा डाग देऊन जोडा आणि तो जोड एम-सीलने पूर्ण बंद करा. इथे एकच नियम आहे, पण तो मोडला तर बाकीची सगळी मेहनत वाया जाते: पाण्याला फक्त चांदी लागली पाहिजे. जोडाचं तांबं किंवा क्लिपचं लोखंड ओलं झालं की मल्टिमीटर क्लोराइड सोडून त्या धातूचं व्होल्टेज दाखवू लागतो, तेही अगदी स्थिर आणि खरं वाटेल असं.

खालचे तीन सेंटिमीटर पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा, डिस्टिल्ड वॉटरने धुवा आणि नंतर त्या भागाला बोट लावू नका.

आता थर. एका लहान काचेच्या ग्लासात ब्लीच घ्या आणि दोन्ही तारांची घासलेली टोकं त्यात २० ते ३० मिनिटं बुडवून ठेवा. चमक जाऊन तार आधी करडी, मग जांभळट तपकिरी दिसू लागते. अर्ध्या तासानंतरही चकाकत असेल तर ब्लीच जुनं होऊन मेलेलं आहे, नवी बाटली आणा. हे काम खिडकीजवळ करा. ब्लीचच्या ग्लासात किंवा त्याच मोरीत टॉयलेट क्लीनर, व्हिनेगर, लिंबू असं कोणतंही आम्ल पडता कामा नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. अमोनिया असलेलं क्लीनरही नको, त्यातूनही विषारी वायू निघतो.

ब्लीच नको असेल तर दुसरी रीत आहे आणि माझ्या मते तिने थर जास्त एकसारखा बसतो. ग्लासभर पाण्यात चमचाभर मीठ विरघळवा. दोन पेन्सिल सेल एकामागे एक जोडून ३ व्होल्ट करा. धन टोक ३.३ किलोओहमच्या रेझिस्टरमधून चांदीच्या तारेला आणि ऋण टोक दोन्ही बाजूंनी सोललेल्या पेन्सिलीच्या शिशाला जोडा. दोन्ही मिठाच्या पाण्यात २० मिनिटं ठेवा. तार काळवंडत जाईल आणि शिशावर बारीक बुडबुडे येतील. बुडबुडे चांदीवर दिसले तर जोडणी उलटी झाली आहे. दोन्ही तारांना आळीपाळीने, तेवढाच वेळ द्या.

थर चढल्यावर तारा धुवा आणि दोन्ही एकाच वाटीतल्या सलाइनमध्ये ठेवून मल्टिमीटर लावा. एकच द्रावण, सारख्या तारा, तेव्हा फरक शून्य यायला हवा. १ ते २ मिलिव्होल्ट आला तरी चालेल. ५ किंवा १० येत असेल तर तारांची वरची टोकं क्लिपने एकमेकींना जोडून त्या रात्रभर सलाइनमध्ये राहू द्या. सकाळपर्यंत बहुतेक वेळा जुळतात. नाहीच जुळल्या तर पॉलिश पेपरने थर काढून पहिल्यापासून सुरुवात करा. थर काढायला अमोनिया वापरू नका. सिल्व्हर क्लोराइड त्यात विरघळतं खरं, पण चांदीचं अमोनियायुक्त द्रावण साठवून ठेवलं तर त्यातून स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो.

संदर्भाची नळी

दुसऱ्या तारेचं घर म्हणजे ५ मिलीची सिरिंज. तिच्यातलं द्रावण नमुन्याच्या पाण्यात मिसळायला नको, पण दोघांत विजेचा संबंध मात्र राहायला हवा. त्यासाठी नोझलमध्ये जेलीचा बूच घालायचा.

५० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये ५ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट आणि दीड ग्रॅम चायना ग्रास घाला. चायना ग्रासच्या पट्ट्या असतील तर कात्रीने बारीक करा. हे भांडं उकळत्या पाण्यात ठेवून जेली पूर्ण पारदर्शक होईपर्यंत ढवळा. सिरिंजचा दट्ट्या काढून टाका, नोझल बिनमिठाच्या कणकेच्या गोळ्यात खुपसून बंद करा आणि वरून मिलीभर गरम जेली ओता. टिचकी मारून बुडबुडे वर काढा, कारण नोझलमध्ये एक बुडबुडा अडकला तरी सर्किट तुटतं. गार झाल्यावर कणीक पुसून टाका. जेलीवर सलाइन भरा, एक तार वरून सोडा. तिचं टोक जेलीत रुतू नये आणि जोड ओला होऊ नये. तोंड रबरी बुचाने झाका. सिल्व्हर क्लोराइड उजेडात खराब होतं म्हणून नळीला बाहेरून काळी चिकटपट्टी गुंडाळा.

जेलीत मीठ न घालता पोटॅशियम नायट्रेट का, याला कारण आहे. पाण्यात क्लोराइडचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, सोडियमपेक्षा लवकर सरकतात. दोन वेगवेगळ्या ताकदीची मिठाची पाणी एकमेकांना थेट भिडली की त्या सीमेवर स्वतंत्र व्होल्टेज तयार होतं आणि ते आपल्या मोजणीतून वजा होतं. जेलीऐवजी मिठाच्या पाण्यात भिजवलेली कापसाची वात लावली तर दहापटीला ५९ ऐवजी ४५ च्या आसपासच मिलिव्होल्ट मिळतात. पोटॅशियम आणि नायट्रेट मात्र जवळजवळ सारख्या वेगाने सरकतात, त्यामुळे ही गळती नगण्य राहते. खताच्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये थोडं क्लोराइड असू शकतं, म्हणून नळी नमुन्यात गरजेपेक्षा जास्त वेळ बुडवून ठेवू नका आणि जेली आठवड्याला बदला.

प्रमाण द्रावणं आणि कॅलिब्रेशन

११ मिली सलाइन आणि ४९ मिली डिस्टिल्ड वॉटर मिसळलं की ६० मिली द्रावण होतं आणि त्यात लिटरला १,००० मिलिग्रॅम क्लोराइड असतं. त्यातलं १० मिली घेऊन ९० मिली डिस्टिल्ड वॉटर घातलं की १०० चं द्रावण. आणखी १० मिलीत ३० मिली घातलं की २५० चं. तीन बाटल्यांवर आकडे लिहून ठेवा. घरातल्या आरओचं पाणी यासाठी वापरू नका, त्यात क्लोराइड उरलेलं असतं.

मल्टिमीटरची लाल पिन मोकळ्या तारेला, काळी पिन नळीतल्या तारेला. मोकळी तार आणि नळीचं नोझल दोन्ही १०० च्या द्रावणात बुडवा, हलकेच ढवळा, मिनिटभर थांबा आणि आकडा स्थिरावला की लिहा. धुवून, टिपकागदाने टिपून मग १,००० च्या द्रावणात. नेहमी कमी क्लोराइडकडून जास्तीकडे जायचं, म्हणजे तारेला चिकटलेल्या थेंबाने होणारी चूक किरकोळ राहते.

समजा १०० ला ९७.५ मिलिव्होल्ट आले आणि १,००० ला ४०.५. फरक ५७.० झाला, हा आपला उतार. पुस्तकातल्या ५९ पेक्षा तो कमी का? जास्त खारट द्रावणात आयन एकमेकांना अडवतात आणि त्यांचा प्रभाव त्यांच्या संख्येच्या मानाने कमी पडतो. त्यामुळे या टप्प्यात ५६ ते ५८ मिळणं हेच ठीक आहे. तापमान दर अंशाने वाढलं की उतारही ०.२ मिलिव्होल्टने वाढतो, म्हणून नमुना आणि प्रमाण द्रावणं एकाच सावलीत, एकाच तापमानाला आल्यावर मोजा. विहिरीतून नुकतं काढलेलं गार पाणी लगेच मोजू नका.

आता २५० ची बाटली. ती आपली परीक्षा घेते. वरच्या आकड्यांवरून तिला ७४.८ मिलिव्होल्ट यायला हवेत. १ किंवा १.५ इकडेतिकडे झालं तर सेन्सर पास. ही पायरी गाळून थेट विहिरीकडे धावण्याचा मोह होतो, पण हिच्याशिवाय पुढच्या आकड्यांवर कोणी विश्वास का ठेवावा?

नमुना मोजणं आणि हिशेब

विहिरीच्या पाण्याला ७०.० मिलिव्होल्ट आले असं धरू. १,००० च्या आकड्यातून हा वजा करा: ४०.५ वजा ७०.० म्हणजे उणे २९.५. त्याला उताराने, ५७.० ने भागा: उणे ०.५१७५. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरमध्ये १० चा हा घात काढा: ०.३०४. त्याला १,००० ने गुणा. लिटरला ३०४ मिलिग्रॅम क्लोराइड.

१ मिलिव्होल्टची चूक म्हणजे क्लोराइडमध्ये सुमारे ४ टक्क्यांची चूक. म्हणून ३०४ असा आकडा वहीत लिहिला तरी डोक्यात तो ‘तीनशेच्या आसपास’ एवढाच ठेवा. प्रयोगशाळेत हेच क्लोराइड सिल्व्हर नायट्रेटच्या अनुमापनाने काढतात. तिथला आकडा जास्त काटेकोर असतो, पण रोज सकाळ-संध्याकाळ कोणी प्रयोगशाळेत जात नाही.

नमुन्याला सलाइनपेक्षा जास्त क्लोराइड असेल, उदाहरणार्थ खाडीचं पाणी, तर आकडा उणे येतो. ते पाणी डिस्टिल्ड वॉटरने दहापट पातळ करून मोजा आणि उत्तराला दहाने गुणा.

आकडे बिघडले तर

आकडा सतत भरकटत असेल, हात जवळ नेला तरी हलत असेल, तर नोझलमध्ये बुडबुडा आहे किंवा जेली सुकली आहे. उतार ५० च्या खाली आला तर तारेवरचा थर कुठेतरी खरवडला आहे, किंवा जोडापर्यंत पाणी पोचलं आहे, किंवा डिस्टिल्ड वॉटर म्हणून घेतलेलं पाणी खरं डिस्टिल्ड नाही.

विहिरीत नुकतीच टीसीएल (जंतुनाशक ब्लीचिंग) पावडर टाकली असेल तर पाण्यातला मोकळा क्लोरीन तारेला गोंधळात पाडतो. नमुना उघड्या भांड्यात काही तास उन्हात ठेवा आणि मग मोजा; क्लोरीन जातो, आणि त्यातून जे थोडं क्लोराइड तयार होतं ते मोजणीच्या चुकीत हरवून जातं. पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर तार त्यात बुडवूच नका. सल्फाइडने थर काळा पडतो आणि तार पुन्हा घासून तयार करावी लागते. गटाराचं पाणी झिरपत असेल तर त्यातला अमोनिया थर विरघळवू शकतो. पण अशा विहिरीत क्लोराइड मोजण्यापेक्षा तातडीची कामं वेगळी आहेत.

काम झाल्यावर मोकळी तार धुवून काळ्या कागदात गुंडाळून कोरडी ठेवा. नळी मात्र कोरडी पडू द्यायची नाही. तिचं नोझल पोटॅशियम नायट्रेटच्या पाण्यात बुडवून ठेवा.

चांदीची तार मिळालीच नाही तर आणखी एक वाट आहे. ईसीजी काढताना छातीला चिकटवतात त्या स्टिकरच्या आतल्या बटणावर चांदी आणि सिल्व्हर क्लोराइडचाच लेप असतो. न वापरलेले दोन स्टिकर घ्या, जेल धुवून काढा, मागचं धातूचं बटण एम-सीलने बंद करा. लेप फार पातळ असल्यामुळे ते थोडेच दिवस टिकतात आणि सिरिंजमध्ये बसत नाहीत, त्यामुळे संदर्भाच्या नळीसाठी मोठं भांडं शोधावं लागतं. तरी शाळेतल्या प्रयोगासाठी हे छान.

मोजायचं कुठे, कधी

खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा जड असतं, म्हणून ते तळाशी बसतं. पोहऱ्याने वरवरचं पाणी काढून मोजलं तर विहीर गोडच दिसेल. एका बाटलीला दगड बांधा, बुचाला वेगळी दोरी बांधा, बाटली तळाजवळ नेऊन बूच ओढा आणि भरल्यावर वर काढा. पृष्ठभागाचा एक नमुना आणि तळाचा एक. दोन आकड्यांतला फरक हा एकट्या आकड्यापेक्षा जास्त बोलतो.

फाल्गुनापासून पहिला पाऊस पडेपर्यंत आठवड्यातून एकदा, आणि शक्य असेल तर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, पूर्ण भरतीच्या वेळी आणि मग ओहोटीला मोजा. भरतीबरोबर आकडा वरखाली होत असेल तर खाडीशी थेट संबंध आहे. भरतीला दाद न देता आकडा नुसता चढत जात असेल तर उपसा जास्त होतोय. रेताड किनाऱ्यासाठी जुना हिशेब असा आहे की जमिनीतल्या गोड्या पाण्याची पातळी १ मीटरने उतरली की खाली दबलेल्या खाऱ्या पाण्याची सीमा सुमारे ४० मीटर वर चढते. कोकणातल्या जांभ्यात आणि भेगाळ काळ्या खडकात हे गणित इतकं सरळ चालत नाही, पण उपसा वाढला की खारं पाणी वर येतं हे तिथेही खरंच.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या गावांत हा सेन्सर तितकाच चालतो, पण तिथला खारटपणा समुद्राचा नाही, गाळातलाच आहे. तिथे क्लोराइडबरोबर सोडियमचं प्रमाणही पिकाच्या दृष्टीने महत्त्वाचं असतं आणि ते या तारांना कळत नाही. त्यासाठी पाणी प्रयोगशाळेतच द्यावं लागेल.

किनाऱ्यावरच्या विहिरीत तळाचा आकडा चढू लागला आणि वरचा अजून स्थिर असला, तर हाताशी थोडा वेळ आहे. फूटव्हॉल्व्ह तळापासून वर उचला आणि पंप सलग चार तास चालवण्याऐवजी अर्धा-अर्धा तास, मधे थांबून चालवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन्ही नमुने मोजा. वरच्या पाण्यानेही २५० ओलांडले तर स्वच्छ बाटलीत नमुना भरून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत द्या आणि सोबत तारीख, भरतीची वेळ, खोली आणि तुमचे आकडे लिहिलेलं वहीचं पान जोडा.